छप्पर पहिल्याचं, झाडं दुसऱ्याची

अर्जेंटिनातल्या आमच्या पुंता आल्तात नौदलाच्या वैमानिकांच्या बायका विमानाच्या आवाजावर किटली चढवत. समुद्रावरची मोहीम संपवून तुकडी परतली, की तळावर उतरण्याआधी प्रत्येक जण आपापल्या घरावरून एकदा खाली येऊन जाई. नियमात हे कुठेच बसत नव्हतं. वरिष्ठ वर्षातून एकदा डोळे वटारत, आणि स्वतः परतताना तेही तेच करत. पत्र्यावरून आवाज गेला की बाई समजे, आपलं माणूस आलं, आता थोड्या वेळात दारात. मग पाणी चढवायचं, येर्बाचा, म्हणजे आमच्या कडवट पाल्याच्या चहाचा, तुंबा पुसून घ्यायचा, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं सुटकेचा श्वास सोडायचा.

विमानं जोडीनं उडत. पुढे म्होरक्या, मागे त्याचा साथीदार. ओरासिओ बेर्तोलिनी म्होरक्या होता आणि एसेकिएल लार्राल्दे त्याचा साथीदार. ओरासिओ इतका उंच की विमानात बसताना गुडघे कुठे ठेवायचे हा त्याला रोजचा प्रश्न. एसेकिएल त्याच्या खांद्याच्या खालीच संपायचा, म्हणून सगळी तुकडी त्याला बुटक्या म्हणे. तो अविवाहित. अधिकाऱ्यांच्या निवासातल्या एका खोलीत राहायचा, आई दूर उत्तरेला कोर्रिएन्तेसमध्ये. त्याच्यासाठी किटली चढवणारं गावात कुणी नव्हतं. जोडीतला पुढचा वळला की मागच्यानं वळायचं, या न्यायानं तोही ओरासिओच्याच घरावरून जाई.

पहिल्याच वेळी उतरल्यावर ओरासिओनं त्याला बाजूला घेतलं होतं.

"हे बघ बुटक्या, छप्पर माझं. तू मागच्या झाडांवरून जात जा. दुसऱ्याच्या बायकोच्या छपरावरून जाणं चांगल्या घरच्या मुलाला शोभत नाही."

बेर्तोलिनींच्या परसाच्या मागे, शेताच्या बांधावर निलगिरीची उंच रांग होती. तेव्हापासून तसंच ठरलं. आधी ओरासिओ हिरव्या पत्र्याच्या छपरावरून, आणि दोन श्वासांनी एसेकिएल झाडांच्या कडेनं. झाडं गदगदा हलत आणि पानांचा सडा अंगणात पडे.

"तुझा आवाज मी ऐकतच नाही," ओरासिओची बायको मिर्ता एसेकिएलला म्हणायची. "तुझा केर येतो. केर आला की समजते, बुटका पण आला, आणि झाडणी घेते."

पण खुर्च्या ती दोन मांडायची. किटलीतलं पाणी उकळू द्यायची नाही, कारण उकळलेल्या पाण्यानं येर्बा करपते, आणि करपलेली येर्बा पाहुण्याला देणाऱ्या बाईबद्दल गावात काय बोलतात ते तिला ठाऊक होतं. ती तुंबा भरी, ओरासिओ नळीनं ओढून रिकामा करी, परत देई. ती पुन्हा भरी, आता एसेकिएलला. आमच्याकडे तुंबा नुसता परत दिला की त्याचा अर्थ अजून हवंय. पुरे झालं की परत देताना आभार मानायचे, मग कुणी भरत नाही. ओरासिओ किटलीचा तळ दिसेपर्यंत आभार मानत नसे.

"आभार मानले की बंद करते ही," तो म्हणायचा. "मग मानायचे कशाला?"

त्या अंगणात बसून एसेकिएलला नेहमी एकच वाटे. आपल्या आवाजाला कुणीतरी वर बघावं. गावातल्या काही जिभांनी त्याचा वेगळा अर्थ लावला होता, पण त्या जिभांना दुसरा उद्योग नव्हता. मिर्तावर त्याचा डोळा नव्हता. मिर्ता ओरासिओचा आवाज ऐकून हातातलं काम टाकून जशी अंगणात धावे, टेबलावरचं पांढरं कापड ओढून दोन्ही हातांनी हलवी, तसं आपल्यासाठी एकदा तरी कुणी धावावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओरासिओनं पुढच्याच रविवारी चार पोरी जेवायला बोलावल्या असत्या.

एक गोष्ट मात्र मिर्तानं त्याच्याकडून कबूल करून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या नॉर्माचा नवरा विमानवाहू जहाजावर उतरताना गेला. अशा वेळी घरी कळवायची नौदलाची रीत ठरलेली आहे. एक अधिकारी काखेत टोपी धरून येतो, सोबत पाद्री असतो. त्या दिवशी त्या दोघांना घर सापडेना, म्हणून त्यांनी मिर्ताचं दार वाजवलं, नॉर्माचा पत्ता विचारायला. पण ते तोंड उघडेपर्यंत मिर्ताला ते कुठे माहीत होतं? दारात टोपी दिसली, पाद्री दिसला, आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

नॉर्माच्या नवऱ्यासाठीच्या प्रार्थनेहून परतताना ती एसेकिएलला म्हणाली, "माझ्या दारात टोपीवाला नको. कधी तसं झालंच, तर तू ये. त्याच्या आधी ये. ओरासिओला ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय मला."

"तू काहीतरीच बोलतेस."

"येशील की नाही?"

"येईन," एसेकिएल म्हणाला.

एप्रिलमध्ये, इंग्रज ज्यांना फॉकलंड म्हणतात ती माल्विनास बेटं आपली झाली म्हणून गावात गाड्यांचे भोंगे वाजले, आणि मे महिन्यात तीच माणसं रेडिओला कान लावून गप्प बसली. इंग्रजांच्या पाणबुड्या समुद्रात आल्यावर आपलं विमानवाहू जहाज किनाऱ्याशी परतलं, आणि तुकडीला पार दक्षिणेच्या टोकाला, रिओ ग्रांदेला पाठवलं. तिथं झाड म्हणून नव्हतं. वारा असा की माणसं बोलतानाही वाकून बोलत. धावपट्टीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये तुकडी राहायची, आणि तिथला आचारी पाणी खळखळून उकळायचा.

"हा इंग्रजांचा हेर आहे," ओरासिओ तुंबा तोंडाशी नेऊन म्हणायचा. "याला आधी पकडा, मग बेटांचं बघू." तरीही पुन्हा पुन्हा तुंबा पुढे करायचा, आभार न मानता. मग ओठ पुसून म्हणायचा, "घरी गेल्यावर मी मिर्ताला सांगणार, आठवडाभर फक्त पाणी तापव, दुसरं काही करू नको."

संध्याकाळ झाली की सगळ्यांचं हेच. एक जण मुलीच्या वाढदिवसाबद्दल बोले, एक जण अंगणातल्या अर्धवट बांधलेल्या भट्टीबद्दल, जिच्यावर मांस भाजायचं अजून एकदाही जमलं नव्हतं. घर हा विषय निघाला की एसेकिएल बूट पुसायला घेई. त्याचे बूट तुकडीत सगळ्यात चकचकीत होते.

मग तो दिवस आला. बेटांमधल्या खाडीत इंग्रजांची जहाजं शिरली होती. ओरासिओ आणि एसेकिएल पाण्याला इतके धरून उडत होते की लाटांचं खारं पाणी उडून समोरची काच पांढरी पडली. ओरासिओ रेडिओवर म्हणाला, "बुटक्या, आमच्या न्हाणीघराची खिडकी अशीच दिसते. मिर्ताला सांगितलं तर ती मलाच पुसायला लावेल." खाडीच्या वळणापलीकडे राखाडी जहाज होतं. त्यावरून गोळ्यांची आग यायला लागली. ओरासिओ आधी घुसला, त्याच्यामागे एसेकिएल. बॉम्ब टाकून बाहेर पडताना एसेकिएलनं पुढे पाहिलं. ओरासिओचं विमान डाव्या पंखावर कललं, घराकडे वळावं तसं सावकाश, आणि पाण्यात गेलं. पॅराशूट उघडलं नाही. रेडिओवर एक शब्दही आला नाही.

इंधन जेमतेम उरलं असताना एसेकिएलनं तिथं एक चक्कर मारली. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि त्याच्याभोवती समुद्रपक्षी उडत होते. पुढे कुणी त्या दिवसाबद्दल विचारलं तर तो फक्त त्या पक्ष्यांबद्दल बोले.

तो परतला तेव्हा त्याच्या विमानाचं इंजिन खोकत होतं. मेकॅनिकनं आत डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, हे घरापर्यंत जाईल, बेटांपर्यंत जाणार नाही. रात्री तुकडीप्रमुखांनी एसेकिएलला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि दाढी वाढली होती.

"सकाळी हे विमान घेऊन घरच्या तळावर जा. तिथं दुसरं तयार आहे. ते घ्यायचं आणि उजेड असेपर्यंत परत यायचं."

"आणि मिर्ता?"

"मिर्ताला कळवायची रीत आहे."

"टोपीवाला."

"हो, टोपीवाला. वरून अजून मंजुरी आलेली नाही. तोवर ओरासिओ बेपत्ता. तू गावात जायचं नाहीस, फोन करायचा नाहीस, कुणाशी बोलायचं नाहीस. एका बाईला कळलं की गल्लीला कळतं, आणि गल्लीला कळलं की सगळ्या बायका आपापला नवरा विचारायला फाटकावर येतात. हा हुकूम आहे, एसेकिएल."

"मी तिला शब्द दिलाय, साहेब."

"शब्द मीही बऱ्याच जणींना दिलेत," तुकडीप्रमुख म्हणाले. "जा, झोप."

झोप कसली. ओरासिओची गादी शेजारी रिकामी होती आणि तिच्यावर त्याचा तुंबा उपडा पडला होता. एसेकिएलला रडू आलं. तो रडला आणि मग विचार करत पडून राहिला. मिर्ताच्या घरी पाय ठेवायची मनाई होती. पण घरावरून जायची मनाई कुणी केली नव्हती, कारण ती गोष्ट नियमात कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या कडेनं उत्तरेला येताना त्यानं सगळं मनाशी जुळवलं. आपण एकदाच जायचं, झाडांवरून. छप्पर मोकळं ठेवायचं. मिर्ता आवाज ऐकून बाहेर येईल, वर बघेल, झाडं हललेली दिसतील, पानं अंगणात पडतील. छपरावरून कुणी गेलं नाही आणि झाडांवरून गेलं, म्हणजे दुसरा आला आणि पहिला आला नाही. मिर्ता हुशार आहे. तिला कळेल. कुणाशी बोललो नाही म्हणून हुकूमही मोडणार नाही, आणि टोपीवाल्याच्या आधी तिला कळवलं म्हणून शब्दही राहील. त्याला आपला बेत फार चोख वाटला. वर उडणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. वरून सगळं आखून ठेवल्यासारखं दिसतं आणि खाली माणसं राहतात हे विसरायला होतं.

त्याला भीतीही होती. न जाता सरळ उतरावं, असं त्याच्या मनात तीनतीनदा आलं. पण टोपीवाला दार वाजवतोय आणि मिर्ता उंबऱ्यात खाली बसतेय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

पुंता आल्ताची पाण्याची टाकी दिसली, तसा तो खाली आला. रेल्वेचे रूळ, चर्चचा मनोरा, मग हिरवा पत्रा. त्यानं विमान हिरव्या पत्र्याच्या मागे नेलं, झाडांच्या रांगेवर धरायला. आणि रांग नव्हती.

बांधावर ताजे पांढरे खुंट तेवढे होते, जमिनीलगत कापलेले. शेतवाल्यानं निलगिरी तोडून सरपणाला विकली होती. त्या वेगात हे दिसून कळेपर्यंत तो घराच्या माथ्यावरूनच पुढे निघून गेला होता. हलायला झाड नव्हतं, पडायला पान नव्हतं. झाडं नसताना खालून बघणाऱ्याला छपराची बाजू कुठली आणि झाडांची कुठली? गेलं ते एक विमान होतं, आणि पहिलं विमान ओरासिओचं असतं.

त्यानं मान वळवून मागे पाहिलं. अंगणात मिर्ता होती. दोन्ही हातांनी पांढरं कापड हलवत होती. शेताच्या कुंपणापर्यंत धावत आली होती.

एसेकिएलचा हात वळायला आसुसला. पण वळून करायचं काय? पुन्हा एकदा गेलं तर दोन आवाज होतील, आणि दोन आवाज म्हणजे दोघंही आले. जितक्या वेळा दुरुस्त करायला जावं तितकं खोटं वाढत जाणार होतं. आयुष्यात त्याला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, काल खाडीतही नाही. तो समुद्राकडे वळला आणि सरळ तळावर उतरला.

तळावर म्हाताऱ्या ओखेदानं शिडी लावली. ओखेदा हा मेकॅनिकांचा मुकादम, वैमानिकांची लग्नं आणि बारशी जेवलेला माणूस. त्यानं एसेकिएलचं तोंड पाहिलं आणि मागून दुसरं विमान येतंय का हे विचारलं नाही.

"दुसरं यंत्र इंधन भरून होतंय, साहेब," तो म्हणाला. "तोवर काही गरम घ्या."

"नको."

एसेकिएल शेडमध्ये खोक्यावर बसला. समुद्रात पडलं तर जीव वाचावा म्हणून घालतात तो जाड नारिंगी पोशाख अंगात तसाच होता. मिर्ता आता पाणी चढवत असेल. ओरासिओचा आवडता स्वेटर खुर्चीवर टाकत असेल. दर थोड्या वेळानं दारात येऊन रस्त्याकडे बघत असेल. तो उठून उभा राही, पुन्हा बसे.

ओखेदा परत आला तो टोपी हातात चुरगाळत.

"फाटकावरून फोन आलाय. बेर्तोलिनीबाई आल्यात. म्हणतात, नवऱ्याला न्यायला आले. पहारेकरी विचारतोय, काय सांगू?"

"घरी थांबायची सोडून इथं कशाला आली?"

"ते पहारेकऱ्याला कुठे माहीत? रडतायत पण आणि हसतायत पण, म्हणाला." ओखेदानं आवाज खाली आणला. "तळावरच्या अधिकाऱ्यांना कळवू का? ते म्हणतील, थांबवून ठेवा, पाद्रींना बोलावतो. म्हणजे मग..."

"नको," एसेकिएल म्हणाला. "मी जातो."

"तुम्हाला मनाई आहे, साहेब."

"माहितेय."

ओखेदानं टोपी डोक्यावर घातली. "इंधनाच्या नळीला गळती दिसतेय," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "बघायला जरा वेळ लागेल. जा तुम्ही."

शेडपासून फाटकापर्यंतचा रस्ता सरळ आणि उघडा होता. वारा समोरून येत होता. फाटकाबाहेर शेजारच्या दोन्या एल्साचा छोटा ट्रक उभा होता, ती भाजी विकायला नेई तो. मिर्ता पहारेकऱ्याच्या खोपटापाशी होती, काखेत थर्मास, हातात पिशवी. तिनं चांगला निळा कोट घातला होता. लांबून नारिंगी पोशाख दिसताच तिनं हात वर केला. मग तो हात थबकला. ओरासिओच्या आणि एसेकिएलच्या उंचीत कुणाची चूक होण्यासारखी नव्हती.

एसेकिएलनं एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याआधीच तिनं हाक मारली.

"बुटक्या!"

पहारेकऱ्यानं आडवा धरलेला हात तिनं ढकलला आणि ती धावत आली. धावताना पिशवी पडली, ती तिनं उचलली नाही. येऊन तिनं एसेकिएलचे दोन्ही कान धरले, मग गाल, मग छातीवर मुठी मारल्या.

"जिवंत आहेस मेल्या. अरे, मी तुला रडत आले. सगळ्या वाटेनं रडत आले, विचार दोन्या एल्साला. एकच आवाज आला. मी म्हटलं आता बुटका येईल, मग येईल, अंगणात वर तोंड करून उभी राहिले. तू आलाच नाहीस. म्हटलं गेला आमचा बुटका. ओरासिओ घरी येऊन तोंडानं कसं सांगणार, म्हणून मीच निघाले, त्याला एकट्याला गाडी चालवत यायला नको म्हणून." ती हसत होती आणि कोटाच्या बाहीनं नाक पुसत होती. "देवा रे, काय बरं वाटलं तुला बघून."

आणि एसेकिएलला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण तसंच झालं. तो जिवंत आहे म्हणून कुणीतरी धावत आलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. त्याचे कान अजून तिच्या हातांनी गरम होते. ज्याची तो इतकी वर्षं वाट पाहत होता ते असं असतं, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला वाटलं, हिनं अजून थोडा वेळ असंच बोलत राहावं, दुसरं काही विचारू नये.

मिर्तानं त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

"आणि तो कुठे आहे? बसला असेल गप्पा छाटत."

एसेकिएलनं मागे वळून पाहिलं नाही.

तिचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. तिनं एकदा रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एसेकिएल," ती म्हणाली. या नावानं तिनं त्याला कधी हाक मारली नव्हती. "घरावरून कोण गेलं?"

"मी."

"कुठून गेलास?"

"झाडांवरून."

वारा तिच्या कोटाशी खेळत होता. तिनं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं.

"झाडं तोडली रे," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात. शेतवाल्यानं विकली."

"दिसलं मला. फार उशिरा दिसलं."

"मी कापड हलवलं."

"बघितलं."

"तुला हलवलं."

"हो."

ती मागे वळली आणि ट्रकच्या पायरीवर जाऊन बसली. गाडीत बसलेली दोन्या एल्सा काही न विचारता खाली उतरली आणि शेताकडे तोंड करून दूर जाऊन उभी राहिली. एसेकिएल मिर्तापुढे उकिडवा बसला. त्या जाड पोशाखात नीट बसताही येत नव्हतं. तयार केलेलं वाक्य तो कधीच विसरला होता, म्हणून त्यानं जे झालं तेच सांगितलं.

"काल. बेटांमधल्या खाडीत. मी त्याच्या मागेच होतो. पॅराशूट उघडलं नाही, मिर्ता. एका क्षणात झालं. त्याआधी तो तुझ्या न्हाणीघराच्या खिडकीची चेष्टा करत होता."

"काय म्हणाला?"

"काच पांढरी पडली होती खाऱ्या पाण्यानं. म्हणाला, मिर्ताला सांगितलं तर मलाच पुसायला लावेल."

"लावलीच असती," ती म्हणाली. मग तिनं थर्मास मांडीवर आडवा धरला, त्याच्यावर डोकं टेकवलं आणि रडली. एसेकिएलनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पहारेकरी खोपटात गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं.

"टोपीवाला येईल ना?"

"येईल. आज उद्या. मी आधी आलो."

"आलास," ती म्हणाली. "कसा का होईना, आलास."

पडलेली पिशवी एसेकिएलनं उचलून आणली. तिच्यात तुंबा होता, येर्बाची पुडी होती, वाटेत नवऱ्याला द्यायला आणलेली. मिर्तानं ती सगळी बाहेर काढली. तिनं येर्बा तुंब्यात एका बाजूला कलती भरली, नळी रोवली, पाणी बेतानं ओतलं. पाणी उकळलेलं नव्हतं. इतक्या घाईतही तिनं ते उकळू दिलं नव्हतं. पहिला तुंबा रीतीप्रमाणे तिनं स्वतः घेतला, दुसरा एसेकिएलपुढे धरला. त्यानं तो ओढून रिकामा केला आणि नुसता परत दिला. तिनं भरला. असं तीनचारदा झालं. प्रत्येक वेळी मधला एक जण वगळला जातोय हे दोघांनाही कळत होतं.

तळाच्या रस्त्यावरून ओखेदाची जीप आली आणि जरा अंतरावर थांबली. ओखेदानं भोंगा वाजवला नाही. पण विमानाचं इंजिन चालू झाल्याचा आवाज येत होता, आणि उजेड कलायला लागला होता.

"आजच परत जायचंय?" मिर्तानं विचारलं.

"हो."

"तिथंच?"

"तिथंच."

तिनं शेवटचा म्हणून तुंबा भरला. त्यानं तो सावकाश संपवला. नळीतून आता नुसती हवा यायला लागली. निघणारा माणूस इथं आभार मानतो. लहानपणापासून प्रत्येकाच्या तोंडात तो शब्द आपोआप येतो, आणि एसेकिएलच्याही ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला. तुंबा तिच्या हातात दिला, तिचे दोन्ही हात त्या तुंब्यासकट एकदा घट्ट धरले, आणि काही न बोलता जीपकडे निघाला.

जीप वळताना त्यानं मागे पाहिलं. मिर्ता पायरीवरून उठली होती. थर्मास कलता करून ती तुंब्यात पुन्हा पाणी ओतत होती.